‘मॅडम, एक सेशन घ्या ना’: बाल-तस्करीवरचं पहिलं प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी, नागपुरातून

जुलै लागला की फोन सुरू होतात. ३० जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिवस. त्यामुळे शाळेला, दवाखान्याला, एखाद्या कॉलेजच्या समाजकार्य विभागाला अचानक तासाभराचं सेशन हवं असतं. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, चाळीस स्लाइड, समोसा, ग्रुप फोटो. मीही अशी सेशनं वर्षानुवर्षं घेतली. एकदा कार्यक्रम आटोपल्यावर एक सिस्टर जिन्यापर्यंत माझ्यामागे आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, सगळं पटलं. पण उद्या सकाळी ती पोट्टी माझ्या टेबलासमोर उभी राहिली, तर मी करू काय?” माझ्या चाळीस स्लाइडमध्ये याचं उत्तर नव्हतं.

तुम्ही शिक्षक असाल, समुपदेशक असाल, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक किंवा आशांच्या गटप्रवर्तक असाल आणि हे प्रशिक्षण यंदा तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं की लोकांना तस्करी समजावून सांगत बसू नका. प्रत्येकाला आपल्या टेबलावरून त्या मुलाचा एकच तुकडा दिसतो. तो तुकडा ओळखायला शिकवा, आणि त्यानंतरचा पहिला तास बिघडवायचा नाही हे शिकवा. पुढचं काम करायला दुसरी माणसं नेमलेली आहेत.

पहिली पायरी: खोलीत कोण बसणार ते आधी ठरवा

आयोजकांना गर्दी हवी असते. दोनशे माणसं, सभागृह, वर पंखे. नाही म्हणा. वीस-पंचवीस जण, तेही शक्यतो एकाच कामातले. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टर एकीकडे, शाळेचे मास्तर दुसरीकडे, गणेशपेठ बसस्थानकावरचे कंडक्टर-कंट्रोलर तिसरीकडे. डागा रुग्णालयातल्या प्रसूती विभागाला जे दिसतं, ते हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कामगार कंत्राटदाराला दिसत नाही. उलटही तसंच.

नागपुरात यातलं काय दिसू शकतं, हे खोलीतल्या लोकांकडूनच काढून घ्या. मी भिंतीवर रेल्वेचा नकाशा लावते आणि विचारते, “इथून गाडी कुठे कुठे जाते?” हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग आपल्या स्टेशनावर एकमेकांना छेदतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण बिहार, बंगाल, ओडिशा, छत्तीसगडमधून पुणे-मुंबई-बंगळुरूकडे कामाला नेली जाणारी पोरं याच फलाटांवर चहा पितात, हे मनात आलेलं नसतं. मग जवळचं काढायचं. गडचिरोली-चंद्रपूरकडून तेलंगणात मिरची तोडायला जाणारी कुटुंबं, शहराभोवतीच्या वीटभट्ट्या, ढाबे, चांगल्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये बाळ सांभाळायला ठेवलेली ‘नात्यातली’ मुलगी, हुंडा न घेता, उलट घरच्यांच्या हातावर पैसे ठेवून दूर राजस्थान-मध्य प्रदेशात लावलेलं लग्न. नवजात बाळं विकणाऱ्या टोळ्या नागपूर पोलिसांनी पकडल्या, त्या बातम्या तर सगळ्यांनी वाचलेल्या असतात. फळा भरतो आणि खोली गप्प होते. ही शांतता हवी असते.

दुसरी पायरी: शब्द निस्तरा, पण अर्ध्या तासाच्या वर नको

सरकारी कागदावर ‘अनैतिक मानवी वाहतूक’ असं लिहिलेलं असतं. एका मास्तरांनी मला विचारलं होतं, हे आरटीओकडे येतं का? हसू नका, प्रश्न बरोबर होता. ‘वाहतूक’ ऐकलं की माणसाच्या डोळ्यापुढे ट्रकच येतो. मी सरळ ‘तस्करी’ म्हणते आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहिते: काय केलं, कसं केलं, कशासाठी केलं. नेलं, ठेवलं, सोपवलं, ताब्यात घेतलं, हे झालं पहिलं. धमकी, फसवणूक, आमिष, पैसे, हे दुसरं. शोषण करण्यासाठी, हे तिसरं.

इथेच एक गोष्ट घट्ट बसवायची. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत मधला प्रश्न गळून पडतो. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या पालेर्मो करारात हे स्पष्ट आहे. शोषणासाठी नेलं, एवढं पुरे. फसवलं की नाही, मारलं की नाही, याची वाट पाहायची नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागू आहे आणि त्यात पीडिताच्या संमतीला काही किंमत नाही. म्हणून “ती तर स्वतःच्या मर्जीनं आली” हे वाक्य प्रशिक्षणात जितक्या वेळा येईल, तितक्या वेळा थांबवा. बालकाच्या तस्करीला किमान दहा वर्षं सक्तमजुरी, एकाहून जास्त बालकं असतील तर किमान चौदा, एवढा आकडा सांगितला की पुरे. कलमांची जंत्री वाचून दाखवू नका.

दुसरा गैरसमज सीमेचा. राज्य ओलांडलं पाहिजे असं काही नाही. कामठीहून इतवारीत आणून कोंडलं, तरी ती तस्करीच.

आणि तिसरी बाब, जी सांगताना मला नेहमी विरोध होतो: सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं देहविक्री करत असेल, तर तिला पकडून ‘सोडवणं’ हे आपलं काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये अशा स्त्रियांच्या सन्मानाबद्दल स्पष्ट निर्देश दिलेत. गंगा-जमुना ही नागपुरातली देहविक्रीची वस्ती २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केली, तेव्हा शहरात किती कडाक्याचे वाद झाले ते आठवा. त्या वादात सेशन वाहून जाऊ देऊ नका. आपला विषय अठराच्या आतल्यांचा. पण त्याच वस्तीतल्या बायकांना ‘त्या’ म्हणून नाक मुरडणारी सिस्टर, त्यांच्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीलाही नाकच मुरडेल, एवढं मात्र बोलून दाखवा.

तिसरी पायरी: लक्षणांची यादी वाटू नका, प्रसंग वाटा

‘भेदरलेला चेहरा, मळके कपडे, अंगावर वळ.’ ही यादी इंटरनेटवर ढिगानं मिळते आणि जवळजवळ निरुपयोगी असते. मळके कपडे आणि भेदरलेला चेहरा घेऊन सकाळच्या ओपीडीत निम्मी रांग उभी असते. उलट तस्करीतली मुलगी कधी कधी नव्या ड्रेसमध्ये, नेलपॉलिश लावून, हसत येते. म्हणून मी चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहून नेते. गटाला विचारायचं: यात काय जुळत नाही?

दवाखान्याची चिठ्ठी अशी. केसपेपरवर वय १९. सोबत ‘मावशी’. ताप किती दिवसांपासून हे मुलीला विचारलं तरी उत्तर मावशीच देते. पाळी कधी आली, हेही मावशीलाच माहीत. मुलीला मराठी येत नाही, हिंदी तोडकी. आधारची झेरॉक्स आहे, मूळ कार्ड ‘घरी राहिलं’. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली, दरवेळी पत्ता वेगळा. मावशी बाहेर जायला तयार नाही. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर साधी आहे. आमच्याही घरी पोरींच्या तब्येतीबद्दल आईच बोलते. पण पाच गोष्टी एका टेबलावर जमल्या की थांबायचं.

शाळेची चिठ्ठी वेगळी लिहावी लागते, कारण मास्तरांना मुलगी दिसत नाही, तिची गैरहजेरी दिसते. आठवीतली मुलगी दिवाळीनंतर परत आली नाही. बाप म्हणतो, मामाकडे गेली. दाखला मात्र मागितला नाही. मैत्रीण सांगते, तिला एक दादा मोबाईल रिचार्ज करून द्यायचा. पटावर नाव आहे म्हणून हजेरीपत्रकात रेघा ओढणं चालू राहतं. मी शिक्षकांना एवढंच विचारते: मामाचं गाव कोणतं, हे तुम्ही विचारलं का? फार थोडे हात वर होतात.

फलाटाची चिठ्ठी. दहा ते चौदा वयाची सहा पोरं, सगळ्यांच्या पाठीला एकसारखी नवी बॅग, तिकिटं एका माणसाच्या खिशात. पोरांना गावाचं नाव येतं, जिथे चाललेत तिथलं येत नाही. “कुठे चाललास?” या प्रश्नाला सहाही जण एकाच चालीत एकच वाक्य म्हणतात. लॉजच्या काउंटरवाल्यासाठी आणखी एक: पुरुषानं स्वतःचं ओळखपत्र दिलं, ‘भाची’चं नाही, पैसे रोख, खोली झाडायला येऊ नका म्हणून ताकीद.

चिठ्ठ्यांमध्ये एक खोटी चिठ्ठी जरूर ठेवा. म्हणजे कशी, तर गोंदियाकडचा गरीब बाप, मुलीला मेडिकलला दाखवायला घेऊन आलाय, मुलगी घाबरलेली, बाप चिडचिडा, कागद अपुरे. तस्करी काही नाही, नुसती गरिबी आणि रात्रभराचा प्रवास. गटानं याला ‘पकडलं’, तर शांतपणे विचारा की कशावरून? बहुतेकदा उत्तर जातीवर, भाषेवर, डोक्यावरच्या टोपीवर किंवा लुगड्यावर येऊन थांबतं. यातलं एकही लक्षण नाही. चुकीच्या संशयानं त्या बापाची गाडी सुटते, पोरीचं औषध राहतं.

आणि हो, घरकामाची चिठ्ठी काढताना तयारी ठेवा. मी एकदा फ्लॅटमध्ये बाळ सांभाळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीचा प्रसंग वाचला, तर एक अधिकारी उठून म्हणाले, “आम्ही तर तिला मुलीसारखं ठेवतो.” प्रसंगातल्या नाही, त्यांच्या घरच्या मुलीबद्दल बोलत होते ते. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवता येत नाही, हे मी सांगितलं. चहाच्या सुट्टीनंतर ते परत आलेच नाहीत. आता मी ही चिठ्ठी जेवणाआधी नाही, नंतर काढते. निदान लोक उपाशी निघून जात नाहीत.

चौथी पायरी: बोलण्याचा सराव. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

दोन दिवसांचं प्रशिक्षण असेल, तर एक अख्खं सत्र याला. अर्ध्या दिवसाचं असेल, तर बाकीचं कापा, हे कापू नका.

आधी एक गोष्ट पटवावी लागते: मूल खोटं बोलणार. ते नेणाऱ्याला ‘दादा’, ‘मामा’ म्हणणार, त्याची बाजू घेणार, तुमच्यावर ओरडणार. घरच्यांनी उचल घेतलेली असते आणि ती फेडायची जबाबदारी आपली, असं त्याला वाटत असतं. फोटो दाखवू अशी धमकी असते. कधी खरंच प्रेम असतं, घरी कुणी केलं नाही एवढं. म्हणून “एवढी मदत करतोय तर बोलत का नाही” असा राग ज्याला येतो, त्यानं आधी स्वतःच्या रागाचा सराव करावा.

जोड्या पाडा. एकानं मूल व्हायचं, आणि त्यानं खोटंच बोलायचं. दुसऱ्याला पाच मिनिटं. नवखा माणूस पहिल्या मिनिटातच सुरू करतो: “कोण आहे तो? तुझा नवरा आहे का? त्यानं तुला काही केलं का? पोलिसांना बोलावू का?” चार प्रश्न, एकही श्वास न घेता. मग तोच प्रसंग पुन्हा करायला लावते, या वेळी असा:

“नाव काय गं तुझं?”
“पिंकी.”
“काही खाल्लं काय सकाळपासून?”
(गप्प.)
“बिस्किट घे. मी इथंच बसून आहे. तुले बोलायचं नसन तर नको बोलू.”

नाव खोटं असेल. असू द्या. खाणं, पाणी, बाथरूम, दुखतंय का, हे चार विषय सुरक्षित आहेत. “इथून जाताना तुला भीती वाटते का?” हा पाचवा प्रश्न. त्याचं उत्तर मानेनं आलं तरी पुरे. काय काय झालं, किती जण होते, कुठे हात लावला, हे विचारायचं नाही. तपशील नीट काढून घ्यायला वेगळी माणसं आहेत. तुम्ही एकदा, वॉर्डातल्या तिघी-चौघींनी एकेकदा आणि मग पोलिसांनी एकदा विचारलं, तर मुलगी प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगते आणि कोर्टात नेमकं तेच तिच्या विरोधात वापरलं जातं.

एक वाक्य तर जिभेवर येऊच द्यायचं नाही: “मी कुणालाच सांगणार नाही.” कायद्यानं तुम्हाला सांगावंच लागणार आहे. त्याऐवजी, “तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल. कोणाला सांगते ते तुला आधी सांगेन.” हे वाक्य सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घ्या. वाचून येत नाही ते.

सोबतच्या माणसाला बाजूला कसं काढायचं, याचे बहाणे प्रत्येक कामात तयार मिळतात. “वजन घ्यायचं आहे, मावशी तुम्ही इथंच बसा.” “सोनोग्राफीत एकालाच सोडतात.” “शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर मुलीची सही पाहिजे.” गटाकडूनच काढून घ्या, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त सुचतात. बहाणा जमला नाही, तर ओढाताण करायची नाही. भाषा येत नसेल तर दुभाषी कोणीही चालेल, सोबत आलेला माणूस सोडून. त्याच्या तोंडून आलेलं भाषांतर म्हणजे त्याचंच म्हणणं.

मुलानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहा. तारीख, वेळ. “अत्याचार झाल्याचे दिसते” असा आपला निष्कर्ष नको. “तो मले घरी जाऊ देत नाही,” असं ती म्हणाली असेल, तर तेवढंच.

पाचवी पायरी: कोणाला कळवायचं, हे एका कागदावर

१०९८ बालकांसाठी. ११२ लगेच पोलीस हवे असतील तर. रेल्वेत असाल तर १३९, नाहीतर समोर दिसेल तो आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) किंवा लोहमार्ग पोलिसांचा जवान. आरपीएफची मानवी तस्करीविरोधातली ‘ऑपरेशन आहट’ ही मोहीमच आहे, तेव्हा “हे आमचं काम नाही” असं उत्तर आलं तर हे नाव घ्या. शहर पोलिसांकडे मानवी तस्करी प्रतिबंधक कक्ष आहे आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकांसाठी नेमलेला अधिकारी असावा लागतो. सज्ञान मुलीसाठी १८१.

हा कागद प्रशिक्षणातच भरून घ्या: आपल्या ठाण्याचा नंबर, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा, बाल कल्याण समितीचा. छापील देऊ नका. स्वतःच्या हातानं लिहिलेला नंबर माणूस जपून ठेवतो. फोनचा सराव मात्र खोटाच करा. उत्साहाच्या भरात कुणीतरी खरंच १०९८ लावतो आणि तिथली लाइन अडते.

सरावात शोधायचं ते असं की फोनवरचा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात काय काय सांगतो. बहुतेक जण पार्श्वभूमीपासून सुरुवात करतात. “मी अमुक शाळेत पंधरा वर्षांपासून…” नको. मुलं किती, वय अंदाजे किती, आत्ता कुठे आहेत, सोबत कोण, किती वेळ थांबणार आहेत. गाडीत असतील तर गाडी नंबर, डबा, सीट. गाडी सुटली म्हणून हळहळत बसू नका. मुंबईकडे गेली तर पुढे वर्धा आणि बडनेरा आहे, हावड्याकडे गोंदिया, दिल्लीकडे इटारसी, दक्षिणेकडे बल्लारशा. डबा नंबर हातात असेल, तर पुढच्या स्टेशनावर मूल उतरवून घेता येतं. डबा नंबर नसेल, तर चोवीस डबे धुंडाळायचे.

कायदा इथे सांगावा, आधी नाही. लैंगिक अत्याचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं, तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातला कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं, तर एक वर्षापर्यंत. हे ऐकलं की खोलीत कुजबुज होते: “म्हणजे आपल्यावरच आलं.” तेव्हा लगेच त्याच कलम १९ मधलं सातवं पोटकलम सांगा. सद्‌भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. संशय खोटा निघाला तरीही. मुख्याध्यापकांची परवानगी, अधीक्षकांची सही, यातलं काहीही आधी लागत नाही. वरिष्ठांना सांगा जरूर, पण फोन लावून झाल्यावर.

न करायच्या गोष्टी मी वेगळ्या मोठ्या कागदावर लिहिते. तस्कराला जाब विचारायचा नाही. पाठलाग करायचा नाही. सोबतच्या माणसानं दिलेल्या ‘घरच्या’ नंबरवर फोन लावायचा नाही, तो घरचाच असतो असं नाही, आणि घरचा असला तरी विकणारं घरच असू शकतं. मुलाला आपल्या घरी न्यायचं नाही. भल्या मनाची माणसं हेच करतात आणि उद्या त्यांच्यावरच अपहरणाचा आरोप येतो.

फोटो काढायचा नाही. हे दोनदा सांगा. ‘बेपत्ता मुलगी सापडली, शेअर करा’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवलेला फोटो ती पंचवीस वर्षांची होईस्तोवर फिरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येक गटात एक तरी जण मोबाईल काढून असा फोटो ‘उदाहरण म्हणून’ दाखवतोच.

सहावी पायरी: फोननंतर काय होतं

हे लोकांना ठाऊक नसतं, म्हणून ते फोनच करत नाहीत. “पोरीला रात्रभर ठाण्यात बसवतील,” ही भीती सगळ्यात जास्त ऐकली मी. नियम उलटा आहे. पोक्सोखालचं मूल रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय, मुलाला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करतात. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. मूल बालगृहात जाईल की घरी, हे समिती ठरवते, तेही घरची चौकशी झाल्यावर. वास्तव नेहमीच नियमासारखं नसतं, हे मी झाकून ठेवत नाही. पण नियम माहीत असलेली सिस्टर सोबत उभी असली, तर वास्तव बरंच सुधारतं.

दवाखान्यातल्या गटासाठी इथे जास्त वेळ काढा. उपचार मोफत, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे; एफआयआर नाही म्हणून थांबवता येत नाहीत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं, तिच्या विश्वासाच्या माणसासमोर. दोन बोटांची चाचणी करायची नाही, सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलंय. वयाचा वाद आला की लगेच हाडांच्या चाचणीकडे धाव घेतात. बाल न्याय कायद्यातला क्रम वेगळा आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, मग महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच चाचणी. या क्रमात आधार कुठेच नाही. ‘आधारवर १९ आहे’ म्हणून हात झटकणाऱ्यांना हे नीट कळू द्या.

शिक्षकांचा भाग मूल परत आल्यावर सुरू होतो. वर्गात स्वागत समारंभ नको. ‘कुठे होतीस’ नको. बाकी मास्तरांना सांगायचं असेल, तर एवढंच की काही महिने गृहपाठात सवलत द्या. परत आलेलं मूल पुन्हा जाऊ शकतं, कारण उचल अजून फिटलेली नसते आणि घरचं दळिद्र होतं तिथेच असतं. त्यामुळे पैशाची माहिती हाही मदतीचाच भाग. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि वकीलही तिथेच मोफत मिळतो. वीटभट्टीवरून किंवा शेतावरून सोडवलेलं मूल वेठबिगार ठरलं, तर जिल्हा प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र घ्यायचं. ते नसेल तर केंद्राच्या पुनर्वसन योजनेतलं मोठं अर्थसाहाय्य अडतं, जे मुलांसाठी दोन लाख आणि तस्करीसारख्या टोकाच्या प्रकरणात तीन लाख आहे. हे प्रमाणपत्र मागायचं असतं, हेच कित्येकांना माहीत नसतं.

शेवटची पायरी: खोलीतल्या माणसांना सांभाळा

पंचवीस जणांत एखादी तरी अशी असते जिच्यासोबत हे घडलेलं आहे. सुरुवातीलाच सांगा की कोणीही, कारण न देता, बाहेर जाऊ शकतं. दाराशी एक समुपदेशक बसवा. सरावात मुलाची भूमिका कोणावरही लादू नका.

सुटून आलेल्या मुलीला ‘अनुभवकथनाला’ बोलावू नका. आयोजक फार आग्रह करतात, “प्रभाव पडतो” म्हणतात. आणि खरी प्रकरणं सांगताना तपशील बदला. नुसतं नाव नाही. गाव, साल, नातं, सगळं. माझ्याकडून ही चूक झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका सेशनमध्ये मी मुलीचं नाव बदललं, पण तालुका आणि तिच्या बापाचा धंदा तसाच ठेवला. मागच्या रांगेत त्याच गावची एक अंगणवाडी सेविका बसली होती. तिनं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. त्यानंतर मी सगळे प्रसंग घरी बसून रचते, दोन-तीन प्रकरणांचे तुकडे एकत्र करून.

प्रमाणपत्रं वाटून झाली की काम संपलं असं समजू नका. महिन्याभरानं एकदा त्या वॉर्डात किंवा शाळेत चक्कर टाका. ‘समजलं होतं ना’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रत्येक ठिकाणी मी एक शंभर पानी वही देऊन येते, शंकेची वही. ज्याला काही खटकलं त्यानं तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या, कोणाचंही नाव न घालता, फोन केला असो वा नसो. वही कोरी असेल, तर प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. गेल्या खेपेला एका वॉर्डातली वही उघडली तेव्हा तीन नोंदी होत्या. दोन किरकोळ निघालेल्या. तिसरी अशी: “मावशी बाहेर जायला तयार नव्हती. वजनाचा बहाणा केला. गेली.”